हरेश्वर मयेकरचे पाय

भोंगा वाजला तेव्हा हरेश्वर मयेकर कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर पाण्याचा पंप बघत होता. तरंगिणी सीफूड्सच्या त्या कारखान्यात भोंगे अधूनमधून वाजतच, पाट्यांतली कोळंबी सोलणाऱ्या बायका मानही वर करत नसत. पण या वेळी पाठोपाठ वास आला. अमोनियाचा वास नाकात नुसता शिरत नाही, तो आत जाऊन टोचतो. हरेश्वरने भिंतीवरचा मुखवटा ओढून चेहऱ्यावर चढवला, सिलिंडर पाठीला लावला आणि दाराकडे वळला.

आत इम्तियाज सोलकर होता.

गळक्या पाइपाचा फवारा आतल्या कडीवर बसला होता आणि कडी गोठून घट्ट झाली होती. दार आता फक्त बाहेरच्या दांड्याने उघडणार होतं. इम्तियाज हातातल्या पान्याने दार ठोकत होता. हरेश्वरला ठोकणं स्पष्ट ऐकू येत होतं. "आलो रे!" तो मुखवट्यातूनच ओरडला आणि धावला.

दार अगदी समोर आलं आणि त्याचे पाय गेले.

लटपटले नाहीत, घसरले नाहीत, गेले. गुडघ्याखाली कुणीतरी दिवा मालवावा तसं सगळं एकदम बंद झालं. क्षणभर तो मांड्यांच्या जोरावर उभा राहिला, डोलला आणि बुडावर खाली बसला. मग पालथा होऊन कोपरांवर सरपटत दारापाशी गेला. दांडा खांद्याच्या उंचीवर होता. त्याने दाराला धरून उठायचा प्रयत्न केला, पण पावलं ओल्या फडक्यासारखी दुमडत होती. हात दांड्याला लागायचा आणि तो पुन्हा खाली यायचा. दाराच्या फटीतून गार द्रव बाहेर झिरपत होता. सगळीकडे पांढरं धुकं झालं. ठोकणं हळू झालं, मग थांबलं.

बाकीची माणसं मुखवटे शोधून आली तेव्हा त्यांनी आधी हरेश्वरला ओढून बाजूला केलं आणि मग दार उघडलं. उशीर झाला होता.

हरेश्वरच्या पायांची गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. कोल्ड स्टोरेजमधली गंजलेली मांडणी कोसळली आणि गोठलेल्या माशांच्या खोक्यांखाली तो बसल्या स्थितीत चिणला गेला. हाडं शाबूत राहिली, पण दोन्ही नितंबांमधून जाणारी सायटिक नस चेंगरली. हाताच्या अंगठ्याएवढी जाड अशी ही माणसाच्या शरीरातली सर्वांत मोठी नस. कमरेच्या कण्यातून निघते, नितंबातून मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्याच्या वर तिच्या दोन फांद्या होतात. एक पोटरीत आणि तळव्यात जाते. दुसरी गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला वळसा घालून पुढे येते आणि पाऊल वर उचलते. पावलाचं उठणं, टेकणं, बोटांचं रोवणं या सगळ्याला हुकूम देणारी ही एकच वाट. हरेश्वरच्या नसेतले बरेच तंतू मेले होते, थोडे जिवंत होते, आणि त्या थोड्यांचा आवाज फार क्षीण होता.

त्या वेळी त्याला खोक्यांखालून काढलं ते इम्तियाजने. दुसरी मांडणी डोक्यावर कलंडत असताना तो आत घुसला होता.

नंतर कंपनीने हरेश्वरला 'पदबळ' बसवलं. मांडीच्या मागच्या बाजूला, कातडीखाली, नसेभोवती गुंडाळलेली मऊ पट्टी, दोन्ही पायांत एकेक. मेंदूकडून आलेला क्षीण हुकूम ती ऐकायची आणि उरलेल्या तंतूंमधून जोरात पुढे धाडायची. तळव्याकडून वर जाणारी जाणीवही तशीच मोठी करायची. हरेश्वर पुन्हा चालायला लागला. ज्या दिवशी त्याला अनवाणी पायाखालची वाळू कळली त्या दिवशी तो समुद्रावर उभा राहून रडला होता, आणि त्याची बायको प्रणाली त्याला हसली होती.

पण हुकूम वाढवणारी पट्टी हुकूम अडवूही शकते. वेगळ्या लयीचा प्रवाह सोडला की नस जागच्या जागी मुकी होते. ना हालचाल, ना स्पर्श. दुखणं थांबवण्यासाठी डॉक्टर ही युक्ती वापरतात. कारखानदारांनी ती दुसऱ्याच कामाला लावली. पदबळ लावलेला कामगार धोक्याच्या जागी गेला आणि मेला तर विमा कंपनी भरपाईवरून भांडत बसते. म्हणून वायू मोजणाऱ्या यंत्राचा इशारा मिळाला की पट्टीने पाय मुके करायचे, म्हणजे माणूस पुढे जाणारच नाही. या सोयीला त्यांनी नाव दिलं होतं 'कवच'. हरेश्वरला एवढंच सांगितलं होतं की धोका असला की मांडीत थरथर होईल.

इम्तियाजचं दफन होण्याआधीच कंपनीचं निवेदन निघालं. कर्मचारी मयेकर बचावासाठी गेले, परंतु ऐनवेळी भीतीने गर्भगळीत झाले. माणूस आहे, कंपनी त्यांना दोष देत नाही. सोबत कॅमेऱ्यातला तुकडा होता. हरेश्वर धावत येतो, थबकतो, डोलतो, खाली बसतो. पुढे नुसतं धुकं.

"दोष देत नाही म्हणे!" प्रणालीने फोन पलंगावर आपटला. "सगळ्या तालुक्याला दाखवतायत आणि वर दोष देत नाहीत!"

हरेश्वर त्याच पलंगावर पडून होता. त्याच्या पायांना गुडघ्यापासून बोटांपर्यंत बँडेज होतं. आणि मनात एक शंका वळवळत होती, जी त्याने प्रणालीलाही सांगितली नाही. भीती वाटली तर होतीच. मग कशावरून ते खरं नसेल?

बरं वाटल्यावर तो सोलकरांकडे गेला. इम्तियाजची बायको रुबीना ओट्यावर उभी होती. तिने त्याला आत ये म्हटलं नाही.

"भाभी, माझे पाय बंद पडले. मी मुद्दाम..."

"तुम्ही खोक्यांखाली होतात तेव्हा त्याचे पाय बंद पडले नव्हते, हरेशभाई," रुबीना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्या वाक्याने हरेश्वर आतून पेटला. रुबीनावर नाही. घरी येऊन त्याने कामगार आयुक्तांकडे तक्रार केली. माझे पाय यंत्राने बंद केले. ज्याने केले त्याचं नाव सांगा.

चौकशीसाठी तिघांची समिती नेमली गेली. एक निवृत्त न्यायाधीश, एक कारखाना निरीक्षक आणि वैद्यकीय सदस्य म्हणून मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर मृणाल आठल्ये. बाई साठीला टेकलेल्या, बुटक्या, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. कंपनीचे सुरक्षाप्रमुख देवस्थळी त्यांना बघून निर्धास्त झाले. ही प्रेतं फाडणारी बाई यंत्रातलं काय ओळखणार?

देवस्थळी बोलायला गोड होते. "कवच फक्त सूचना देतं, मॅडम. थरथर होते, बस्. पाय बंद करण्याची सोयच त्यात नाही. यंत्रातल्या नोंदी व्यापारी गुपित आहेत, त्या मी देऊ शकत नाही. पण प्रत्यक्ष पाहा ना. चला कारखान्यात."

सगळे कारखान्यात गेले. रुबीनाही आली होती, भावाबरोबर, मागे उभी. कॉम्प्रेसर रूमचं दार नवं होतं. तंत्रज्ञाने वायू मोजणाऱ्या यंत्राचं चाचणीचं बटण दाबलं. लाल दिवा लागला, भोंगा वाजला.

"चला, मयेकर," देवस्थळी म्हणाले.

हरेश्वर चालू लागला. मांडीत थरथर झाली. तो पडायची वाट बघत होता, अक्षरशः पडण्यासाठी आसुसला होता. पण पाय चालत राहिले. दार आलं. त्याने दांडा ओढला, दार उघडलं. तो आत जाऊन उभा राहिला.

हरेश्वरने वळून पाहिलं तेव्हा रुबीना त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता, किळस होती.

"बंद केलंय यांनी!" हरेश्वर ओरडला. "आज बंद करून ठेवलंय! तुम्हाला दिसत नाही?"

"हे बघा, असं होतं," देवस्थळी न्यायाधीशांना हळू आवाजात म्हणाले. "अपराधीपणाचं ओझं असतं मनावर. आम्ही समुपदेशक द्यायला तयार आहोत."

हरेश्वर देवस्थळींच्या अंगावर गेला असता. प्रणालीने त्याचा दंड धरला.

आठल्येबाई इतका वेळ हे सगळं बघत होत्या. त्या हरेश्वरजवळ आल्या. "मयेकर, त्या दिवशी पडल्यावर काय काय झालं ते सांगा. घाई नाही. पायाला काय कळत होतं?"

"काहीच नाही, मॅडम."

"काहीच?"

हरेश्वरने डोळे मिटले. "आतल्या बाजूला कळत होतं थोडं. नडगीच्या आतल्या अंगाला. गार, असं चावल्यासारखं. मी कमरेतून पाय फिरवून घेतले तेव्हा थांबलं."

बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "विजार वर करा."

"इथे?"

"इथेच. सगळ्यांसमोर."

कॅन्टीनचं एक बाक ओढून आणलं. हरेश्वर बसला आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. जखमा भरत आल्या होत्या, तरी बघवत नव्हत्या. अमोनियाच्या द्रवाने नडगीची पुढची आणि बाहेरची बाजू, पावलाची पाठ, बोटं, सगळं जाळून काढलं होतं. कातडी तांबडी, सुरकुतलेली, ठिकठिकाणी मांसापर्यंत खोल गेलेली. पण गुडघ्याच्या आतल्या बाजूपासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत एक लांब पट्टा होता, त्यावर एक फिकट डाग सोडला तर कातडी जशीच्या तशी. दुसऱ्या पायावरही तोच पट्टा.

आठल्येबाई गुडघ्यावर बसल्या. साडीचा पदर खोचला. पर्समधून त्यांनी सेफ्टी पिन काढली. "डोळे बंद ठेवा. टोचलं की बोला." त्यांनी तळव्याला टोचलं.

"हं."

बाहेरच्या बाजूला, जखमेच्या वर, चांगल्या कातडीला.

"हं. तिकडे बोथट लागतं."

आतल्या पट्ट्याला.

"हं!"

बाई उठल्या. गुडघा झटकला. "देवस्थळी, याला आज सगळीकडे कळतंय. तुमच्या दर महिन्याच्या तपासणीतही तळव्याची जाणीव परत आल्याचं लिहिलंय, मी वाचलंय. बरोबर?"

"बरोबर. आमचं यंत्र उत्तम चालतं."

"मग ज्याला तळव्याला टोचलेली पिन कळते, त्याला पाऊल जळताना का कळलं नाही?"

"घबराटीत माणसाला कशाचंच भान..."

"कशाचंच नसतं ना? मग हा पट्टा कसा वाचला?" बाईंचा आवाज चढला. सोलण्याच्या हॉलमधल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "नीट बघा. गुडघ्याखालच्या सगळ्या पायाला जाणीव देते ती सायटिक नस. जिच्यावर तुमची पट्टी आहे ती. अपवाद फक्त एका पट्ट्याचा. हा, आतल्या बाजूचा. याची नस वेगळ्या वाटेने येते. जांघेतून, मांडीच्या पुढून, गुडघ्याच्या आतून खाली. तिच्यावर तुमची पट्टी नाही. त्या दिवशी हा माणूस आगीसारख्या गारठ्यात पालथा पडला होता. पायाचा जेवढा भाग जागा होता तेवढाच त्याने वाचवला, मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंनी, कारण तेही जागे होते. बाकीचं जळत राहिलं कारण ते त्याला कळतच नव्हतं. दोन्ही पायांवर एकच सीमारेषा. घाबरून माणसाचे हातपाय गळतात, मान्य. पण कुठली नस कुठे संपते आणि कुठली सुरू होते हे भीतीला ठाऊक नसतं. भीतीला शरीरशास्त्र येत नाही! ही रेषा भीतीने आखलेली नाही. ही तुमच्या यंत्राने आखली आहे."

निरीक्षक वाकून पायाकडे बघत होता. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "देवस्थळी, कवच पाय बंद करतं का? हो की नाही?"

देवस्थळींचा गोडवा एकदम आटला. "ते त्याच्याच भल्यासाठी आहे, सर. तो आत गेला असता तर दोघं मेले असते. एक तरी वाचला ना? तुम्ही ह्याचा विचारच करत नाही."

"मुखवटा होता माझ्या तोंडावर!" हरेश्वर उभा राहिला. विजार अजून वर दुमडलेलीच होती. "सिलिंडर होता पाठीला. नुसता दांडा ओढायचा होता. माझं भलं तुम्ही ठरवलं, मला न विचारता, आणि वर मला भेकड म्हणालात! त्याच्या बायकोसमोर म्हणालात!"

देवस्थळी खिडकीबाहेर बघू लागले. हरेश्वरने रुबीनाला शोधलं. ती निघून गेली होती.

समितीचा अहवाल हरेश्वरच्या बाजूने आला. कंपनीवर खटला भरायची शिफारस झाली. पण यंत्र बनवणाऱ्यांनी त्याच आठवड्यात नवी जाहिरात काढली. 'कवच, आता तुमच्या संमतीसह.' संमती द्यायची नसेल तर त्या कामगाराला कारखान्यात घेणं न घेणं मालकाच्या मर्जीवर. हरेश्वरने ती जाहिरात वाचली आणि थेट आठल्येबाईंच्या कॉलेजात गेला.

"मॅडम, या पट्ट्या काढून टाकायच्या आहेत."

"बसा आधी." बाईंनी त्याला पाणी दिलं. "पट्ट्या काढल्यावर काय होईल ते सांगते. पाऊल उचलणार नाही, लोंबकळेल. पावलाला आधार देणारे स्प्लिंट लावावे लागतील. चढावर दम निघेल. तळव्याची जाणीव पुष्कळशी जाईल. कारखान्यातलं काम विसरा. नसेचे काही तंतू अजून वाढत असतील, पण किती आणि कधी, हे मी सांगू शकत नाही."

"आणि पट्ट्या ठेवल्या तर?"

"तर चालाल. जोपर्यंत ते चालू देतील तोपर्यंत."

घरी प्रणाली ऐकून संतापली. "जिंकलास ना? सगळ्यांना कळलं ना? मग आता हा कसला हट्ट? पाय टाकून देणार आहेस तू, पाय! उद्या मी तुला संडासला धरून नेऊ?"

"नेशील?"

"तो प्रश्नच नाहीय!" ती रडायलाच लागली. "वाळू कळली तेव्हा कसा रडला होतास तू. आठवतंय का? ते सगळं परत देणार, त्या हरामखोरांसाठी?"

हरेश्वर तिच्याशेजारी बसला. "प्रणाली, परवा मी बाजारात चाललो होतो. मच्छीवाल्यांच्या बर्फाच्या गाडीतून थोडा अमोनियाचा वास आला. तिथे काही नव्हतं गं, नुसता वास. मी जागच्या जागी थांबलो. पाय बंद झाले म्हणून नाही. ते बंद होतील या धाकाने. आता मांडीत जरा कुठे थरथर झाली की मी थांबतो. देवस्थळीला बटणसुद्धा दाबावं लागत नाही. असे पाय ठेवून मी काय करू?"

प्रणालीने डोळे पुसले. मग म्हणाली, "ऑपरेशन कुठे करायचं?"

ऑपरेशन सोपं होतं. त्यानंतरचं काहीच सोपं नव्हतं. प्लास्टिकचे स्प्लिंट घोट्याला काचायचे. पाऊल कुठे पडलं ते बघूनच कळायचं. प्रणालीने माशांच्या जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली आणि हरेश्वर बसून मासे साफ करू लागला. चिडचिड व्हायची. कधी कधी तो स्प्लिंट भिंतीवर फेकायचा आणि मग ते आणायला सरपटत जायचा. पण बाजारात त्याला बघून माणसं आता नजर चुकवत नव्हती, आणि आठल्येबाईंकडे पदबळ लावलेली आणखी काही माणसं येऊन गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

काठी घेऊन चालता येऊ लागलं तेव्हा तो सोलकरांकडे निघाला. घर टेकाडावर होतं, जांभ्याच्या कातळातल्या पायऱ्यांवर. वर पोचेपर्यंत त्याचा शर्ट भिजला. शेवटच्या पायरीवर उजवं पाऊल अडकलं आणि तो हातांवर आदळला. रुबीना आतून धावत आली.

"थांबा, मी धरते."

"नको, भाभी. उठतो मी."

ती हात मागे घेऊन उभी राहिली. तो उठला. तिने ओट्यावर चटई टाकली, पाणी आणलं. त्याच्या पायांतल्या स्प्लिंटांकडे बघत राहिली.

"काढून टाकलंत?"

"हो."

"त्या दिवशी मी निघून आले," ती म्हणाली. "तुमचे पाय बघवेनात. मी तुम्हाला जे बोलले होते ते..."

"ते राहू दे."

"नाही, राहू कसं देऊ? त्यांनी माझ्या तोंडातून बोलवून घेतलं ते. त्याचा राग जात नाही माझा." तिने पेला खाली ठेवला. "एक विचारू? कंपनीवाले घरी येऊन सांगून गेले की तो लगेच गेला. काही कळायच्या आत. खरं सांगा हरेशभाई, तसं होतं का?"

इतके महिने हरेश्वर याच प्रश्नाला घाबरत होता. हो म्हणणं सोपं होतं. रुबीनाला रात्री झोप लागली असती.

"नाही, भाभी," तो म्हणाला. "तो ठोकत होता. पान्याने. बराच वेळ ठोकत होता."

खाली खाडीत एक होडी इंजिन चालू करायचा प्रयत्न करत होती, ते फटफट करायचं आणि बंद पडायचं. रुबीनाने पदराने तोंड पुसलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "तो गप्प बसणारा नव्हता." तिने हरेश्वरकडे वळून पाहिलं. "म्हणजे तो जिवंत होता, तुम्ही दारात होतात आणि मधे ते यंत्र होतं. हे कोर्टात सांगाल? त्या देवस्थळीच्या तोंडावर?"

"सांगेन."

"सोमवारी तारीख आहे. भाऊ गाडी काढतोय. तुम्हाला घ्यायला येऊ खाली रस्त्यावर?"

हरेश्वरने काठी उचलली आणि ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला. स्प्लिंट करकरले.

"कोर्टाच्या फाटकापर्यंत गाडीने येईन," तो म्हणाला. "तिथून आत मी चालत जाणार."